रेघेतली टिकली

प्रफुल्ल नन्नावरेंच्या स्वयंपाकघरात लाटण्यालासुद्धा स्वतःचा पत्ता होता. भिंतीवरच्या हिरव्या फळीवर लाटण्याच्या आकाराची पांढरी रेघ काढलेली होती, आणि लाटणं त्या रेघेतच टांगलं गेलं पाहिजे असा घरचा कायदा होता. शेजारी झाऱ्याची रेघ, मग सांडशीची, मग चहाच्या गाळणीची. फडताळात प्रत्येक कपाच्या बुडाएवढं वर्तुळ. भद्रावतीच्या त्या कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका मुद्दाम हे घर बघायला येत आणि तोंडाला पदर लावून हसत परत जात.

ही खोड कारखान्यातली. छत्तीस वर्षं प्रफुल्लभाऊ तिथल्या हत्यारांच्या खोलीत होते. पाना, कानस, हातोडी, सगळ्यांच्या रेघा तिथे फळ्यावर होत्या. कामगाराने हत्यार नेलं की त्याच्या जागी आपला नंबराचा पितळी बिल्ला टांगायचा. बिल्ला पाहिला की वस्तू कोणाकडे आहे ते कळायचं. रेघ रिकामी आणि बिल्लाही नाही, असं दिसलं तर वस्तू सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. या नियमापायी त्यांनी भल्याभल्यांना भोंगा झाल्यावरही थांबवून ठेवलं होतं.

आणि अशा माणसाच्या गळ्यात पडली रुखमा. चामोर्शीकडची. तिच्या माहेरी एकाच खोलीत धानाची पोती, दोन बकऱ्या आणि म्हातारी आत्या सुखाने नांदत होती. तिने उचललेली वस्तू जागेवर परत येईल तर शपथ. फणी मसाल्याच्या डब्यात, किल्ली पिठात, ओला टॉवेल खाटेवर. आणि टिकल्या! आरशावर, दारावर, नळावर, एकदा तर त्यांच्या चष्म्याच्या काचेवर. डाळीएवढ्या, मरून रंगाच्या. दरवर्षी मार्कंड्याच्या यात्रेत ती वर्षभर पुरेल एवढं पाकीट घ्यायची.

"अवं, लाटणं कुठी आहे?"

"असंन जी इथीच. घर सोडून तं गेलं नाई ना."

"मंग रेघ कायले काढली मी?"

"पाहाले चांगली दिसते."

एकदा वैतागून त्यांनी तिला बिल्ल्याचा नियम समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी झाऱ्याची रेघ रिकामी, आणि रेघेच्या मधोमध टिकली.

"हा माहा बिल्ला," रुखमा म्हणाली. "झारा मी नेला. आता बोंबलू नका."

प्रफुल्लभाऊंनी कपाळावर हात मारला, पण हसू काही आवरलं नाही. तेव्हापासून संध्याकाळी फळीवरच्या टिकल्या नखाने खरवडून काढणं हे त्यांचं काम झालं. खरं सांगायचं तर दिवसातलं ते त्यांचं सगळ्यात आवडतं काम होतं.

घराला रंग दिला त्या वर्षी रुखमाने त्यांना मागच्या दाराशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं आणि सुताराच्या पेन्सिलीने डोक्यापासून टाचेपर्यंत त्यांच्याभोवती रेघ काढली. "घरात तुमीच एकटे बिनरेघेचे राह्यले होते जी," म्हणाली. मग तिची रेघ काढायला त्यांनी पेन्सिल हातात घेतली, तर ही पळाली अंगणात.

"मले कायले रेघेत टाकता? मी का हरवणार आहो?"

गेल्या श्रावणात तीन दिवसांच्या तापाने ती गेली. टिकल्यांचं उरलेलं पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्याबरोबर चितेवर ठेवलं.

त्यानंतर घर कसं अगदी जिथल्या तिथे राहू लागलं. सकाळी ठेवलेली वस्तू संध्याकाळी तिथेच. आयुष्यभर ज्यासाठी भांडलो ते मिळालं, आणि आता त्याचं करायचं काय, हे कळत नव्हतं. एक गोष्ट तर त्यांना फारच लागून राहिली होती. सगळ्यांच्या रेघा काढल्या, तिचीच राहिली. रेघ असती तर ती रिकामी दिसली असती. रिकामी रेघ असली की शोधावं लागतं, शोधल्याशिवाय कोणाला सुट्टी नसते.

जानेवारीत ते निवृत्त झाले. महिन्याभरात क्वार्टर सोडायचं होतं. लेक दीपाली चंद्रपूरला राहायची. रविवारी येऊन ती त्यांना घेऊन जाणार होती. मग रंगारी येणार, भिंतींवर चुना फिरणार, सगळ्या रेघा जाणार.

सोमवारी दुपारी त्यांनी पोळ्यांसाठी कणीक भिजवली आणि लाटण्याकडे हात नेला. रेघ रिकामी होती. आत मधोमध मरून टिकली होती.

एखादी जुनी राहून गेली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण फळी त्यांनी आदल्याच दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसली होती. शिवाय आसपासच्या कोळशाच्या खाणींची काळी धूळ इथे सकाळी पुसावं तर दुपारी बसते, आणि टिकलीवर धुळीचा कणही नव्हता.

त्यांनी पिठाचा डबा धुंडाळला. खाटेखाली पाहिलं, मसाल्याच्या डब्यात पाहिलं, तिने ठेवलं असतं त्या प्रत्येक चुकीच्या जागी पाहिलं. लाटणं नव्हतं. टिकली त्यांनी खरवडली नाही.

मंगळवारी पोळपाट गेला. मग झारा गेला, तवा गेला. प्रत्येक जागी टिकली. भीती वाटायला हवी होती, पण प्रफुल्लभाऊ लग्नाच्या वर्षीसारखे पहाटे उठून आधी फळीकडे धावू लागले. ओला टॉवेल त्यांनी आपल्या हाताने खाटेवर टाकून पाहिला. तिला बरं वाटेल म्हणून.

बुधवारी शेजारच्या सोनीबाई कुंपणापाशी आल्या.

"भाऊ, पाहुणे आले का जी तुमच्या घरी?"

"नाई. काऊन?"

"सकाळपासून पोळ्या लाटल्याचा आवाज येऊन राह्यला. बांगड्याचाही."

सोनीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे पाहिलं आणि पदर सावरत आपल्या घरात परतल्या.

ते स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून बराच वेळ बसले. काहीच ऐकू आलं नाही. शेजारणीला ऐकू यावं आणि आपल्याला येऊ नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की डोळे भरून आले.

गुरुवारी दोन कप गेले. शुक्रवारी दोन ताटं.

एकटीला दोन ताटं कशाला लागतात, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि हातातली बादली त्यांनी खाली ठेवली.

शनिवारी त्यांची दाढीची वाटी गेली, ब्रश गेला, वाचायचा चष्मा गेला. त्यांनी दीपालीला फोन लावला.

"बाई, उद्या नको येऊ."

"काऊन बाबा?"

"सामान सापडून नाई राह्यलं."

"तुमचं? तुमचं सामान सापडत नाई?" दीपाली हसली. मग हसू मध्येच थांबवून म्हणाली, "मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. तुमी कुठी जाऊ नका."

रविवारी त्यांनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. घर जवळजवळ रिकामं होतं. भिंतींवर रेघाच रेघा आणि रेघांमध्ये टिकल्या. लेक येईल, हाताला धरून नेईल, मागे रंगारी येतील. मग रुखमा येऊन पाहील कुठे?

ते मागच्या दाराशी गेले. पेन्सिलीची रेघ पुसट झाली होती. त्या रेघेतला माणूस ताठ होता, खांद्याने रुंद होता. प्रफुल्लभाऊ भिंतीला पाठ लावून तिच्यात उभे राहिले. टाचा रेघेला लावल्या. खांदे आता पुरत नव्हते.

"रुखमा," ते म्हणाले. "समदं नेलं. मलेच काऊन ठेवलं?"



डोळे मिटून ते उभे राहिले. भिंत थंड होती.

बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने फाटक वाजलं. प्रफुल्लभाऊ डोळे पुसून रेघेबाहेर आले.

"बाबा?"

"इथी आहो, बाई."

दीपाली आत आली. तिने खोलीत पाहिलं, न्हाणीत पाहिलं. स्वयंपाकघरातली फळी पाहून तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"बाबा!"

"अवं, इथीच तं आहो."

ती त्यांच्या अगदी जवळून गेली. तिची ओढणी त्यांच्या हातावरून जायला हवी होती. हाताला काहीच लागलं नाही.

दीपाली मागच्या दाराशी थबकली. भिंतीकडे बघत राहिली. प्रफुल्लभाऊही वळले.

त्यांच्या रेघेत, छातीच्या उंचीवर, टिकली होती.

दीपालीने ती नखाने खरवडली, ते खरवडायचे अगदी तशीच. मग बोट डोळ्यांजवळ नेलं. गोंद अजून ओला होता.

"बाबा, कुठी आहा जी?" ती रडत म्हणाली.

तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात उचलला. पण तेवढ्यात मागे, स्वयंपाकघरात, पोळपाटावर लाटणं फिरू लागलं. बांगड्यांसकट. या वेळी प्रफुल्लभाऊंना ते स्पष्ट ऐकू आलं.

दीपाली मात्र भिंतीकडेच बघत होती.