कॉर्नफ्लोअरचा बर्फ

दिवे गेले म्हणून हेब्बाळमधल्या इमारतीच्या गच्चीवर सगळे जमले होते. अनुषा नुकत्याच पाहिलेल्या गिर्यारोहणाच्या माहितीपटाबद्दल बोलत होती. बर्फावरच्या पावलांचा आवाज किती खरा वाटतो, म्हणत होती. बिंदुमाधव अण्णा हसले.

"तो बर्फ नव्हे गं, कॉर्नफ्लोअर. आमच्या रघुनंदनाला विचार."

मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं ते असं.

गेल्या वर्षीची एळ्ळू अमावस्या, पितरांना तीळ वाहायची. संध्याकाळी रघुनंदन कॉर्नफ्लोअरचं पोतं आणायला गेला. दुकानदार म्हणाला, "स्वल्प जास्तच होतंय, सर. गोबी मंचुरीची गाडी लावताय काय?" रघुनंदन कसनुसा हसला. चित्रपटांना पावलांचे, कपड्यांचे, दोरांचे आवाज करून देण्यात त्याची हयात गेली होती. पीण्या औद्योगिक वसाहतीत त्याची भाड्याची शेड होती. कारखाने थंडावले की तिथे काम करता येई. लांब पत्र्याच्या ट्रेमध्ये पोतं ओतायचं आणि पडद्यावरच्या माणसाबरोबर त्यावरून चालायचं. करकर, करकर. झाला हिमालय तयार.

या खेपेचा माहितीपट विराट नावाच्या गिर्यारोहक पोरावर होता. एकटा माणूस आणि हिमनदी. खरं तर तो एकटा नव्हताच. त्याच्या मागे, त्याच दोराला बांधलेला प्रणीत होता. आवाज टिपणारा, रघुनंदनाच्याच हाताखाली शिकलेला. परतताना तो हिमदरीत गेला, टिपलेल्या आवाजांसकट. म्हणून तर ते आवाज पीण्याच्या शेडमध्ये करायची वेळ आली. चित्रण सगळं ड्रोनचं, ते वाचलं होतं. दिग्दर्शिका चंदनाने त्यातून प्रणीतला पुसून काढलं. एकट्याची मोहीम म्हणूनच चित्रपट विकला गेलाय, सकाळपर्यंत फक्त विराटची पावलं पाठवा, असं तिने फोनवर सांगितलं.

प्रणीतची आई वसुमती अक्का मात्र पुन्हा पुन्हा विचारत होती. पोरगा तर सापडला नाही, निदान चित्रपटात चालताना तरी दिसेल ना? रघुनंदन तिला काहीच बोलला नव्हता. चंदनाशी भांडायचं त्राणही त्याच्यात नव्हतं. जुने, गुळगुळीत तळाचे बूट घालून तो ट्रेमध्ये उतरला.

पडद्यावर विराट एकटा चालत होता. कमरेचा दोर तेवढा पुसायचा राहिला होता. मागे ताणलेला. दुसऱ्या टोकाला कोणी नाही.

काम झालं. रघुनंदनाने ऐकून पाहिलं.

पावलं दोघांची होती.

त्याने ते रेकॉर्डिंग पुसलं. पुन्हा चालला. पुन्हा ऐकलं. पुढची पावलं त्याची. मागची... जड, बर्फावरच्या काटेरी बुटांची. डावा पाय दर वेळी किंचित घासत.

पाय उचलून टाक रे, म्हणून तो एकाच पोराला रागवायचा...

तिसऱ्यांदा तो चाललाच नाही. कानाला हेडफोन लावून नुसता उभा राहिला.

करकर.

करकर...

थांबलं. अगदी पाठीशी.

रघुनंदन वळला नाही. तसाच म्हणाला, "प्रणीत... दमलास काय रे?"

...

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास सोडला. बस्स.

उजाडायच्या आत रघुनंदनाने दोघांचीही पावलं चंदनाला पाठवून दिली. सोबत निरोप: "माणूस तुम्ही पुसलात. ही पावलं पुसायला दुसरा कुणी बघा." मग त्याने वसुमती अक्काला फोन केला. तिचे शेजारी म्हणून तिच्याबरोबर शेडवर अण्णाच गेले होते.

अण्णा बोलायचे थांबले. अनुषाने हळूच विचारलं, आपण पाहिला तो हाच का. अण्णांनी होकारार्थी मान हलवली, आणि पुढे सांगितलं.

अक्काने आधी हेडफोन लावून सगळं ऐकलं. मग ती ट्रेजवळ खाली बसली. रघुनंदनाच्या गुळगुळीत ठशांमागे काटेरी बुटांचे ठसे उमटले होते. डाव्या पायाचे घासलेले. अक्काने एकावर अलगद हात ठेवला.

"चाललाय की," ती म्हणाली.

ते काटेरी ठसे अक्का बसली होती त्या टोकापर्यंत आले होते. परत गेलेले नव्हते.