आरशातला बोका

"तिसऱ्या सीटवरचे आजोबा फळं फोडतायत!" भोंगा ओरडला आणि अख्खी बस मागे वळली.

"अरे हळू!" खारूने त्याच्या तोंडावर हात दाबला. "गुपचूप बघायचंय आपल्याला. दवंडी काय पिटतोस?"

"मी हळूच बोललो," भोंगा हाताआडून म्हणाला. आता या नऊ वर्षांच्या पोराचं हळू म्हणजे दुसऱ्याचं ओरडणं, म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं होतं. त्याची ताई एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून ती खारू. आणि खिडकीजवळची जागा पटकावून बसलेला त्यांचा मावसभाऊ म्हणजे राजे. हे नाव खारूनेच ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकाने नव्हे!

"त्या टायवाल्या काकांना बघ," राजे कुजबुजला. "शेती करतायत. ऑफिसला निघालेत आणि भोपळे पेरतायत!"

"मागचे दोघं एकमेकांवर गोळ्या झाडतायत," खारू म्हणाली. "शेजारी शेजारी बसून! आणि बाकी सगळे फळं. ही बाई फळं, तो मुलगा फळं, कंडक्टरसुद्धा मधूनच फळं!"

बसमध्ये कोण मोबाइलवर कुठला गेम खेळतंय ते टिपायची ही हेरगिरी त्यांना साहेबांनी सांगितली होती. साहेब म्हणजे मावशीचे साहेब. आणि मावशीचं काम काय, माहितीये? दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या! साहेबांच्या छोट्याशा ऑफिसात एक नवा गेम तयार होत होता. त्यात एक बोका होडीचा कप्तान होता आणि तो बेटाबेटांवर पार्सलं पोचवायचा. सुट्टीत मावशीकडे आलेल्या भाच्यांना आणि तिच्या मुलाला, म्हणजे राजेला, साहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मुलांचा गेम मुलांनी खेळून बघायला नको का? फक्त एकच अट होती. गेम बाजारात येईपर्यंत त्याच्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

"मग? काय खेळतंय सध्या पब्लिक?" पोरं ऑफिसात शिरतात न शिरतात तोच साहेबांनी विचारलं.

"फळं!" भोंगा गरजला. "निम्मी बस फळं फोडत होती!"

साहेबांचा चेहरा पडला. तो गेम दुसऱ्या कंपनीचा होता. "फळं फोडण्यात एवढं काय ठेवलंय, कळत नाही मला," ते पुटपुटले. "आमचा बोका कधी कुणाच्या हातात दिसायचा?" मग त्यांनी घड्याळ बघितलं. "मी जरा खाली जाऊन केस कापून येतो."

"मावशी," ते गेल्यावर भोंगाने विचारलं, "साहेबांना केस कुठायत?"

"शू!" मावशीने डोळे वटारले, पण तिलाही हसू आवरेना. साहेबांच्या दोन्ही कानांवर एकेक झुपका होता. बाकी सगळं लख्ख मैदान!

खारू मात्र हसली नाही. साहेबांचं ते मघाचं तोंड तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. राजेच्या हातात टॅबलेट गेला की तिचं स्वतःचं तोंड अगदी तस्संच व्हायचं.

कारण इथे खेळायचा फक्त राजे! त्याची बोटं झरझर चालतात म्हणे. खारूने त्याच्या मागच्या खुर्चीवर बसून नुसतं बघायचं आणि तो कुठे अडतो, कुठे कंटाळतो, ते मावशीला सांगायचं. बघायचं! दिवसभर! खारूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राजेचा बोका खडकावर आपटला की तिला मनातल्या मनात उकळ्या फुटायच्या, आणि तो पैलतीरी पोचला की पोटात दुखायचं.

सोमवारी तर कहरच झाला होता. तेव्हा बोक्याची होडी लाल होती. "संध्याकाळच्या लाल पाण्यात ही होडी दिसतच नाहीये. पिवळी करा ना!" असं मावशीला म्हणाली खारू. आणि साहेबांनी पाठ कुणाची थोपटली? राजेची! "शाबास! बारीक नजर आहे तुझी!" मंगळवारी होडी पिवळी झाली. खारू त्या रात्री जेवलीच नाही.

त्यानंतर शुक्रवारी सकाळी बॉम्ब फुटला.

"हे काय आहे?" साहेबांनी आपला फोन मावशीसमोर टेबलावर आपटला. फोनच्या पडद्यावर त्यांचाच बोका होडी हाकत होता. कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ काढून जगभर पाठवला होता! "गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या मॅडमनी पाठवलाय मला. उद्या त्या येतायत. कुणी फोडला म्हणून विचारणार. काय सांगू?"

"साहेब, मी कुणालाही—"

"मंगळवारपासून टॅबलेट रोज घरी कोण नेतं? घरात तीन पोरं आहेत तुमच्या! उद्यापासून येऊ नका तुम्ही. मॅडमना मी तुमचंच नाव सांगणार."

मावशीने आपला चष्मा, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. सहा वर्षं त्या टेबलाशी बसलेली बाई! घरी येऊन ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. गेममधल्या चुका शोधणारीने गेम फोडला, हे एकदा पसरलं की तिला दुसरीकडे कोण उभं करणार?

बाहेरच्या खोलीत राजे भडकला होता. "खारू, खरं सांग. तू काढलास व्हिडिओ! तुला खेळायला मिळत नव्हतं म्हणून जळत होतीस. मला दिसत नाही का?"

"जळत होते!" खारू ताडकन उठली. "हो, जळत होते! तुझं तोंड बघून रोज जळत होते! पण मावशीच्या पोटावर पाय देईन का मी? दाखव तो व्हिडिओ, आण इकडे!"

त्यांनी व्हिडिओ लावला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि खारूचे डोळे चमकले.

"राजे! होडी लाल आहे!"

"मग?"

"मग काय मग! आपण टॅबलेट घरी आणला मंगळवारपासून, आणि मंगळवारपासून होडी पिवळी! लाल होडीचा गेम आपल्या घरात कधी आलाच नाही."

"मला कळलंसुद्धा नव्हतं होडी बदलल्याचं," राजे हळूच म्हणाला. "मी आपला खडकांकडे बघत होतो."

"हा कसला आवाज येतोय?" भोंगा फोनला कान लावून बसला होता. "कच् कच् कच्. आणि मध्येच फुस्स्."

ऑफिसात कुणाला आवाज चालू करायचं सुचलंच नव्हतं! तिघांनी श्वास रोखून ऐकलं. कच् कच्. फुस्स्. कच् कच्.

"कात्री!" भोंगा किंचाळला. केस कापून घेणं त्याला मुळीच आवडत नसे, त्यामुळे हा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. "आणि ते फुस्स् म्हणजे पाण्याचा फवारा! हे सलून आहे!"

"साहेब," खारू म्हणाली. "केस नसताना सारखे केस कापायला जाणारे साहेब!"

"काहीतरीच!" राजे म्हणाला. "आपलाच गेम ते कशाला फोडतील?"

"तुला नाही कळायचं ते. सगळी बस फळं फोडतेय, हे ऐकताना त्यांचं तोंड बघितलं नव्हतंस तू. मी बघितलंय."

ऑफिसच्या खालच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या, समोर भिंतभर आरसा आणि मागे गिऱ्हाइकांसाठी बाक. बाकावर एक चिमुरडी टॅबलेट घेऊन बसली होती, आणि टॅबलेटवर लाल होडीतला बोका!

"काका, हा गेम कुठून आणलात?" खारूने शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं.

"वरच्या साहेबांनी घालून दिला की! महिना झाला असेल." सलूनवाले काका कात्री चालवता चालवता म्हणाले. "एरवी पोरं बाकावर नुसता धुडगूस घालायची. आता बघा, आपला नंबर आला तरी उठत नाहीत. साहेब दर दोन दिवसांनी येतात. मी नुसती कात्री हवेत वाजवतो, आणि ते आरशातून बघत बसतात पोरांना खेळताना. डोळे भरून येतात हो त्यांचे. आज संध्याकाळीही येतो म्हणालेत, काहीतरी काम आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. राजे म्हणाला, "जाऊन सांगू या त्यांना, आम्हाला सगळं कळलंय म्हणून!"

"आणि ते कानांवर हात ठेवतील! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्यास ना सकाळी? त्यांना त्यांच्याच तोंडाने बोलू दे." खारू काकांकडे वळली. "काका, आमच्या मावशीची नोकरी जातेय. एक मदत कराल? काही बोलू नका, फक्त आम्हाला इथे बसू द्या."

मावशीला घराबाहेर काढणं सोपं नव्हतं. शेवटी भोंगाने बलिदान दिलं. "मला केस कापायचेत," तो म्हणाला. "पण तू हात धरायला पाहिजेस." ऐकून मावशी उठूनच बसली. हा पोरगा आजारी आहे की काय, असं तिला वाटलं.

संध्याकाळी एका खुर्चीवर खारू गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात, चेहऱ्यावर ओला टॉवेल घेऊन पडली होती. भोंगा दुसऱ्या खुर्चीवर डोळे घट्ट मिटून. बाकावर राजे आणि मावशी यांच्यापुढे अख्खं वर्तमानपत्र उघडलेलं. "हा काय पोरखेळ आहे?" मावशी तिसऱ्यांदा विचारत होती. तेवढ्यात दार वाजलं.

"गर्दी आहे वाटतं," साहेबांचा आवाज आला. "बसत नाही मी. तो टॅबलेट द्या जरा इकडे. बोक्याचा गेम काढून टाकतो."

"का हो साहेब? पोरं रडतील."

"असू दे. आणि हे बघा, तो गेम मी इथे दिला होता, हे कुणाला बोलू नका. नस्ती भानगड होऊन बसलीय."

"मी नाही बोलणार," सलूनवाले काका म्हणाले.

"पण मी बोलणार!" खुर्चीतून भोंगा असा काही गरजला, की साहेबांच्या हातून टॅबलेटच निसटला. राजेने सूर मारून तो झेलला. वर्तमानपत्र खाली आलं आणि त्यामागे मावशी! टॉवेल बाजूला झाला आणि खाली खारू!

साहेबांची पाचावर धारण बसली. ते मावशीकडे बघत राहिले, मग दोन्ही झुपके हातात धरून बाकावर बसले.

"आज सकाळी मी पिशवी भरताना बघत होतात तुम्ही," मावशी म्हणाली. "तेव्हा माहीत होतं?"

"व्हिडिओ बघितला तेव्हाच शंका आली होती, इथल्याच कुणा गिऱ्हाइकाने काढला असणार म्हणून," साहेब म्हणाले. "तोंडातून तुमचं नाव निघून गेलं. मग ते मागे घ्यायची हिंमत होईना. अहो, दोन वर्षं राबतोय या बोक्यापायी. आणि बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, जिथे बघावं तिथे फळं! मला फक्त एकदा बघायचं होतं हो, आपला गेम कुणीतरी आवडीने खेळताना. जळायचो मी. पोरासारखा जळायचो."

खारूला त्यांची कीवही आली आणि रागही आला. "मीही जळते," ती म्हणाली. "रोज जळते. पण दुसऱ्याचं नाव नाही सांगत."

साहेबांनी मान खाली घातली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत मॅडमना लावला. आपल्या हातून झालेलं सगळं त्यांनी कबूल केलं. मावशीचं नाव एकदाच घेतलं, तेही तिची काही चूक नाही हे सांगायला. पलीकडून बराच वेळ फटकारे आले. साहेब नुसते "हो", "हो" म्हणत होते. शेवटी मात्र त्यांचे डोळे मोठे झाले.

"त्या विचारतायत, सलूनमधली पोरं कुठल्या बेटावर सगळ्यात जास्त रमायची?" त्यांनी फोनवर हात ठेवला. "म्हणजे उद्या येतायत त्या! गेम बाजारात आणायचा करार मोडत नाहीयेत!"

"तिसऱ्या," खारू ताबडतोब म्हणाली. "वादळाचं बेट. मघाची चिमुरडी तिथे हसली, आणि राजेसुद्धा दर वेळी तिथेच हसतो. त्याला माहीत नाही, पण हसतो."

"सोमवारपासून या," साहेब मावशीला म्हणाले. "कृपा करून या. आणि मला माफ करा."

"येईन. पण ऑफिसात सगळ्यांना बोलावून हेच पुन्हा सांगायचं," मावशीने ठणकावलं. साहेबांनी मुकाट्याने मान डोलावली.

मग सलूनमध्ये जो कौतुकाचा पूर लोटला! सलूनवाल्या काकांनी भोंगाचे केस फुकट कापायचं जाहीर केलं, आणि भोंगा दाराकडे पळाला. साहेबांनी खारूचा हात हातात घेतला. "एवढे मोठे आम्ही, आणि व्हिडिओतली होडी लाल आहे हे दिसलं नाही! तुझ्यासारखी नजर माझ्या अख्ख्या ऑफिसात नाही, बाळ." मावशीने तर तिला पोटाशीच धरलं. "माझी वाघीण गं!"

खारूने मावशीच्या खांद्यावरून बघितलं. राजे कोपऱ्यात टॅबलेट धरून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

घरी परतताना तो सगळ्यांच्या मागे चालत होता. खारू मुद्दाम रेंगाळली. "तुझं काय बिनसलंय? मावशीची नोकरी वाचली ना?"

"वाचली." राजेने रस्त्यावरच्या दगडाला लाथ मारली. "मी जळतोय. झालं समाधान?"

"तू? कुणावर?"

"तुझ्यावर! पहिल्या दिवसापासून. मला आई फक्त विचारते, 'बोटं दुखली का?' आणि तुला विचारते, 'काय दिसलं?' मग स्वयंपाकघरात तास तास तुमच्या दोघींच्या गप्पा! माझी आई आहे ती. मला खेळायला लावते आणि बोलते तुझ्याशी."

खारू जागच्या जागी उभी राहिली. इतकं गोड काही तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिला राजेचं वाईटही वाटत होतं, खरंच वाटत होतं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा, असंही तिच्या मनात आलं, आणि तिने ठेवलाही.

"परत एकदा सांग ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून."