माझ्या वयाच्या मानाने

त्या दिवशी तिच्या पाहणीला एक माणूस कमी पडत होता, म्हणून तिने स्वतःच्या वहिनीला सोबत म्हणून आलेल्या, बाहेर बाकावर बसलेल्या चष्म्याच्या दुकानवाल्यालाच आत बोलावलं.

पाचच प्रश्न विचारून माणसाची तब्येत कळते का, हे पडताळायचं तिचं काम. आधी फॉर्म भरून घ्यायचा, मग दोन मजले चढवायचे आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचं.

"तुमच्या वयाच्या मानाने तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

दुसऱ्या वळणावर तो कठडा धरून थांबला. ओठ निळसर पडले होते.

"याला उत्तम म्हणतात?"

"फॉर्मवाल्या बाई, तुलना कुणाशी करायची? वडील अडतिसाव्या वर्षी गेले, दादा छत्तिसाव्या... दोघांचंही हृदयच. मी सदतीस. आमच्या घरात माझ्याइतका ठणठणीत पुरुष कुणी झालाच नाही."

ती हसली, आणि हसल्याचं लगेच तिच्या जिवाला लागलं.

दोन आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा होता – उत्तर टिकतं का, ते बघायला. त्याने पुन्हा 'उत्तम'वरच खूण केली.

"कालपर्यंत 'बरी' होती," तो कागदाकडे बघतच म्हणाला, "पण आज इथे यायचं होतं ना..."

मग फॉर्म संपले तरी तो येत राहिला. एकदा म्हणाला, "चष्मा सैल झालाय तुमचा," आणि काडी वाकवून त्याने तो स्वतःच तिच्या कानांमागे बसवला. बोटं गार होती. ती श्वास रोखून बसली.

शेवटी तिनेच लग्नाचं विचारलं.

"नको. वहिनीचे हाल बघितलेत मी. ते तुझ्या वाट्याला... नाही जमणार मला."

त्यानंतर तो आला नाही. दहा दिवस वाट पाहून ती त्याच्या दुकानात गेली. काउंटरवर वहिनी काचा पुसत होती. हिला बघताच तिने सगळं ओळखलं.

"सात वर्षं मिळाली मला," वहिनी म्हणाली. "नंतरचे दिवस फार वाईट गेले, अजूनही जातात. पण ती सात वर्षं कुणी परत मागितली तर मी देणार नाही. याने मला कधी विचारलंच नाही, मग सांगणार काय?"

पडद्यामागे काचा घासायचं मशीन बंद झालं. तो बाहेर आला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"मलाही वाटते."

पुढच्याच महिन्यात त्यांनी लग्न केलं. त्यांना तीन वर्षं आणि वर थोडे दिवस मिळाले.

आता काउंटरमागे दोघी जावा बसतात. दुकान बंद करायची वेळ झाली की "चल, घरी जाऊ," असं दोघी एकमेकींना म्हणतात... आणि बराच वेळ कुणीच उठत नाही.