सुपावरचा गोळा

त्या दिवशी धुके नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दरबारच्या दप्तरात निराळे लिहिले गेले.

माघातली पहाट होती. भुजंगदुर्गाच्या दर्याबुरुजावरून पाहणाऱ्याला तीन कोसांवरचे पांढरे समुद्रपक्षी मोजता यावेत, इतका दर्या स्वच्छ होता. गडाच्या पश्चिमेला पाण्याखाली खडप पसरलेले, त्यामुळे दक्षिणेला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला बुरुजाच्या अगदी पायथ्याशी असलेल्या वाटेनेच जावे लागे. त्या वाटेने एक फिरंगी शिबाड शिडे सोडून येत होते आणि त्याच्या डोलकाठीच्या टोकाला चुन्याने रंगवलेले एक सूप उलटे बांधलेले होते.

या सुपाचा अर्थ किनाऱ्यावरचे पोरही जाणत असे. सूप म्हणजे जहाजाच्या पोटात बंदिवान आहेत. त्यावर कोणत्याही निशाणाच्या तोफेने गोळा टाकायचा नाही आणि सूप बांधणाऱ्यानेही जहाजात दारूगोळ्याचा कण ठेवायचा नाही. हा करार कोणी कागदावर लिहिला नव्हता, तरी मराठे, फिरंगी आणि हबशी तिघेही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले होते. नवजात लेकराला ज्यात निजवतात, त्या वस्तूची आण मोडायला दर्यावरचा चाचाही कचरत असे.

ती आण पहिल्यांदा मोडली आपल्याच माणसाने. भुजंगदुर्गाच्या आरमाराचे सुभेदार निळोजी सुर्वे यांनी गेल्या साली वेढ्यात सापडलेल्या आपल्या ठाण्याला दारूची साठ पिंपे पोहोचवली ती गलबताला सूप बांधून. ठाणे वाचले. दरबाराने शकलेची तारीफ केली, सोन्याचे कडे धाडले. साऱ्या गडावर गूळ वाटला गेला आणि खरे सांगायचे तर तो सगळ्यांनी चाटून पुसून खाल्ला. एकटा सुभेदारांचा धाकटा भाऊ कृष्णाजी म्हणाला, "दादा, ठाणं राखलंत, पण सूप गमावलंत." तोच कृष्णाजी कार्तिकातल्या लढाईत सत्तर माणसांसह फिरंग्यांच्या हाती लागला होता. तीन महिने त्याचा ठावठिकाणा नव्हता.

निळोजी बुरुजावर आले तेव्हा शिबाड तोफेच्या टप्प्यात शिरत होते. म्हातारा धाकू तांडेल कपाळावर हात धरून उभा होता.

"सुभेदारानूं, काठयेर सूप आसा," तो म्हणाला. "माका सपष्ट दिसता."

"मलाही दिसतं, तांडेल. सुपाखाली काय असतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच. दक्षिणेला फिरंग्यांच्या ठाण्याला मराठ्यांनी चार महिने वेढा घातला होता, आतली दारू सरत आल्याच्या बातम्या होत्या आणि सुभेदारांना त्या सुपाखाली साठ पिंपेच दिसत होती.

"आपलीच माणसां आसतीत तेच्यात," धाकू कळवळून म्हणाला. "तुमचो भाव आसात. माका होडी घेवन जाव देवा, बगून येतंय."

भावाचे नाव निळोजींच्या काळजात शिरले नाही असे नाही. पण वारा भरात होता. होडी जाऊन येईतो शिबाड खडपापार निसटले असते. शिवाय ज्या शकलेवर कडे मिळाले, तिनेच आपण फसलो असे दरबारात कोणी म्हणाले तर? ही भीतीही होती, ती का लपवावी?

"इस्माईल, बत्ती द्या."

वीस वर्षे तोफा डागणाऱ्या इस्माईल गोलंदाजाने बत्ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "हुजूर, मान उतरवा. पण सुपावर हा हात चालायचा नाही."

धाकू तोवर हुकूम न विचारताच बुरुजाच्या पायऱ्या उतरू लागला होता.

सुभेदारांनी स्वतः बत्ती घेतली, स्वतःच नेम धरला आणि तोफेच्या कानाला विस्तव लावला. पहिला गोळा पाण्यात गेला. शिबाडावर कोणी माणूस दोन्ही हात वर करून सुपाकडे बोट दाखवीत ओरडत होता. दुसरा गोळा बरोबर पाणरेषेवर बसला.

निळोजी भडक्याची वाट पाहत राहिले. साठ पिंपे दारू पेटली असती, तर आभाळ लाल झाले असते. भडका उडालाच नाही. शिबाड नुसते एका बाजूला कलले, त्यात गुमान पाणी भरू लागले आणि वाऱ्याबरोबर बुरुजावर आवाज आले. ते मराठी होते. कोणी देवाला हाक मारीत होते, कोणी आईला.

सुभेदारांच्या हातातली बत्ती गळून पडली. ती उचलायला कोणी वाकले नाही.

धाकूने बुडत्या शिबाडाच्या भोवऱ्यात होडी घातली. कललेली डोलकाठी डोक्यावर कोसळायला आली असताना त्याने चौदा माणसे ओढून काढली. बाकीची साखळदंडांसकट तळाला गेली.

वाचलेल्यांपैकी गणोजी खवळे याला वर आणले, तेव्हा निळोजींनी एकच प्रश्न विचारला.

"कृष्णाजी?"

गणोजीने मान वर केली नाही. "फिरंगी कप्तान म्हणाला, तुमच्या सुभेदारानं सूप नासवलंय, आता ते बांधून काय उपयोग? कृष्णाजीराव म्हणाले, सुभेदार माझा सख्खा भाऊ. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकायचा नाही. सूप बांधायला म्हणून त्यांच्या बेड्या काढल्या होत्या. त्यांनीच ते बांधलं."

"मग तो पोहत का नाही आला?"

"पोहता आलं असतं. ते खाली परतले, आमच्या साखळ्या ज्या फळीला होत्या तिचा अडणा काढायला. आम्ही चौदा तेवढ्यानंच निघालो."

दुपारी चिटणीस बाबदेव कागद घेऊन आले. भला माणूस होता. सुभेदारांचे मीठ खाल्ले होते. "दाट धुके पडल्याकारणे सूप नजरेस आले नाही, असे लिहितो," ते हलकेच म्हणाले. निळोजींनी होकाराची मान हलवली. त्यांनी शिक्का उठवला आणि जासूद निघाला.

मग ते गडाखालच्या घरी गेले. आई ओसरीवर तांदूळ पाखडीत होती. गावात बातमी केव्हाच पोहोचली होती. तिने हात थांबवला नाही.

"धाकूनं सांगितलं मला. आता तुझ्या तोंडून ऐकायचंय. धुकं होतं म्हणतात?"

निळोजींनी पागोटे काढून खाली ठेवले.

"नव्हतं, आई. मला सूप दिसलं होतं."

तिने तांदूळ हळूच परातीत ओतले आणि रिकामे सूप दोघांच्या मध्ये ठेवले. "पाचवीला तू यात निजलास. चार वर्षांनी तोही यातच निजला," ती म्हणाली. "मला सांगितलंस ते वर जाऊन लिही. नाहीतर या घरी येऊ नकोस."

निळोजी गड चढले. या वेळी त्यांनी चिटणिसांना बोलावले नाही. स्वतःच्या अक्षरात लिहिले: धुके नव्हते. सूप दिसले. गोलंदाजाने नकार दिला. गोळा निळोजीने टाकला. भाऊ धरून सत्तावन्न माणसे गेली. शिक्षा व्हावी. कागदासोबत त्यांनी सोन्याचे कडेही परत धाडले.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. दरबारात शोक करण्यात आला होता. मृतांच्या घरांना इनाम होते. कडे परत आले होते आणि त्याच्या जोडीला दुसरे. शेवटी एकच ओळ होती: त्या दिवशी धुके होते, असेच समजावे.

त्या किनाऱ्यावर पुन्हा कोणी डोलकाठीला सूप बांधले नाही. बंदिवानांची जहाजे पुढेही जात राहिली आणि दोन्हीकडच्या तोफा त्यांवर चालत राहिल्या. निळोजींनी सुभेदारी सोडली आणि धाकूच्या होडीवर वल्हे धरले. गडावर नवे आलेले शिपाई कधी त्यांना त्या धुक्याबद्दल विचारीत. ते वल्हे थांबवून प्रत्येकाला सांगत, "धुकं नव्हतं." शिपाई एकमेकांकडे पाहत. दप्तरात धुके लिहिले होते आणि म्हाताऱ्याचे कोणी खरे मानले नाही.