सांधलेला जबडा

पनवेलच्या त्या स्कॅन सेंटरात ती आली, तेव्हा दुपारची सामसूम होती. मशीनवरच्या कल्पेशनं सवयीनं विचारलं, "पेशंट कुठाय?"

तिनं ट्रॉलीवरची चादर हळूच बाजूला केली. खाली दगड झालेला, हातभर लांब जबडा!

"वय?"

"साडेसहा कोटी वर्षं... थोडं इकडेतिकडे."

"उपाशीपोटी आणलंय ना?"

ती खळखळून हसली — आणि कल्पेशचं काही खरं राहिलं नाही.

किशोरी खारघरच्या कॉलेजात संशोधन करायची. जबडा नर्मदेच्या खोऱ्यातला, एका अजस्र मांसाहारी डायनोसॉरचा. त्याच्यावरचा उंचवटा माहीत असलेल्या कुठल्याच जातीत नव्हता. जात नवी ठरली, तर तिचं काम इथंच पुढे चालणार होतं.

दगड दाट, चित्र धूसर येई. पुन्हा पुन्हा यावं लागे. दोघांचीही तक्रार नव्हती! एकदा कर्नाळ्याच्या रानात ती म्हणाली, "हे पक्षी त्याचेच नातेवाईक, बरं का."

"आणि त्याचं नाव काय ठेवणार?"

"तुझं ठेवलं तर...?"

तिचे केस वाऱ्यानं त्याच्या खांद्यावर आले. तिनं ते आवरले नाहीत.

शेवटी चित्र स्वच्छ आलं. उंचवट्याच्या आत एक तिरपी रेघ होती. हायवेवर पडलेल्यांच्या हाडांत कल्पेश असल्या रेघा रोज बघायचा.

"मोडून जुळलेलं हाड," किशोरीच पुटपुटली. "जखमेची गाठ आहे ती. जात जुनीच आहे, कल्पेश."

"सेटिंग बदलून बघू?"

"नको. खरं आहे ते."

प्रकल्प गुंडाळला गेला. ती नागपूरला, घरी निघाली. एसटी स्टँडवर कल्पेशची जीभ गावच्या बोलीवर घसरली. "नको जाऊस ना... मी हाय ना हितं. तुझ्याबिगर मला नाय जमायचं."

तिचे डोळे भरून आले. "मलाही तूच हवा होतास रे. पण आज थांबले, तर हरले म्हणून थांबले असं वाटत राहील. रोज तुझ्याकडे बघताना..."

"मग परत कधी?"

कंडक्टरनं घंटी मारली. कल्पेश तिला अडवायलाच आला होता. पण तिला तिची जड बॅग उचलवेना, तेव्हा त्यानंच ती गाडीत चढवून दिली.