पावलावरून माणूस

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, आणि मानलीच तर त्याची आधी नाडी बघावी. एका डासानं एक लग्न जमवलं. मध्यस्थ नाही, ओळखपाळख नाही. दोन चावे, काम फत्ते.

पहिला चावा बुटांच्या दुकानातल्या एका विक्रेत्याला, भर दुपारी, मोज्यांचं खोकं उघडताना. त्याला सगळे बुटकेराव म्हणत. बूट विकतो म्हणून, असं तो सांगे. ऐकणारे त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत, म्हणजे क्षणभरच, आणि बरं म्हणत.

ताप असा चढला की वहिनीनं कपाळावर ठेवलेली ओली पट्टी कडक इस्त्री होऊन परत मिळाली. रक्त तपासलं, चिकनगुनिया निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्यावर रामबाण औषध नाही. तापाची गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, मच्छरदाणीत पडून राहायचं, आणि मनानं दुखण्याच्या गोळ्या आणून खायच्या नाहीत. ताप गेला. पण पाहुणा जावा आणि त्याचं सामान घरातच राहावं, तसं दुखणं मागं राहिलं... मनगटात, गुडघ्यात, घोट्यात. बुटकेराव कमरेत असा वाकला की आरशासमोर उभा राहिला तर टाळू दिसे. वहिनी विचारी, भावोजी, काही पडलंय का तुमचं?

दवाखान्यात सांध्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यातून, मलमाच्या वासातून, तो फरशी बघत निघाला होता. समोरून आणखी कोणीतरी तसंच फरशी बघत येत होतं. टाळक्यावर टाळकं आपटलं.

"बघून चालता येत नाही का?" समोरून बाईचा आवाज आला.

"बघूनच चालतोय," तो म्हणाला. "फक्त... फरशी बघून."

ती हसली. हसणं त्याला दिसलं नाही. हसताना तिच्या पायाची बोटं आत दुमडली, तेवढं दिसलं. तेवढ्यावर स्वारी गार झाली.

"तुमची सँडल मोठी होतेय," तो म्हणाला.

"पाय सुजलाय. आत बसेल अशी हीच होती."

"सूज घोट्याला आहे. बोटं पुढं मोकळीच आहेत."

"लोक बायकांच्या डोळ्यांबद्दल बोलतात," ती म्हणाली.

"तिथवर अजून पोचलो नाही."

ती शाळेत ड्रॉइंग शिकवी. दुसरा चावा हिला, आणि तो डास तोच, हे शपथेवर. बोटं अशी आखडली होती की फळ्यावर रेघ ओढता ओढता खडू गळून पडे. मग दोघं बाकावर शेजारी वाकून बसू लागले, एकमेकांच्या पावलांशी बोलू लागले. गरम पिशवी बरी की थंड पट्टी, यावरून भांडण झालं. सकाळी बाटलीचं झाकण कोणाला उघडता येतं, यावरून पैज लागली आणि दोघंही हरले. एकदा तिनं सांगितलं की तिला बघायला आलेली सगळी स्थळं दारातूनच परत गेली. का, ते मात्र सांगितलं नाही.

मग एके दिवशी ओळखीच्या सँडल समोर येऊन थांबल्या आणि आवाज वरून आला. बराच वरून.

"मी झाले सरळ," ती म्हणाली. "आता तुम्ही व्हा. एक विचारायचंय — पण तोंडाकडे बघून."

बुटकेरावानं डोळे जातील तितके वर नेले. तिची हनुवटीसुद्धा हाती लागेना. स्थळं का परत गेली ते त्याला उमगलं, आणि आपलं डोकं तिच्या खांद्याखालीच राहणार, हेही. वाकलेल्या माणसाची उंची कोणी काढत नाही. सरळ झाला की काढतात.

तेव्हा तो बरा झाला, पण सरळ झाला नाही. घरातून ताठ निघे, दवाखान्याचं वळण आलं की वाके. ताईंनी त्याचे गुडघे फिरवून पाहिले, पाठ चाचपली, आणि तुमचं दुखणं आता सांध्यांत नाही असं सांगून टाकलं. वहिनी म्हणाली, बरं असल्याचं सोंग करणारे पुष्कळ पाहिले, आजाराचं इतकं मन लावून करणारे तुम्हीच. सँडलवाली रोज समोर येऊन विचारी, आज काही फरक? तो फरशीला सांगे, नाही.

मग सँडल यायच्या थांबल्या. तो तरीही बाकावर वाकून बसे. आता कोणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी तो दुकानात परत गेला. एका दुपारी शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरची खोकी काढत होता, पाठ ताठ, नाकात रबराचा वास. तेवढ्यात कानाशी आवाज आला. वरून नाही, बरोबरीनं.

"झालात की सरळ."

त्यानं मान वळवली. पहिल्यांदाच तिचा चेहरा, समोरासमोर. भुवईत खडूची पूड.

"शाळेच्या खिडकीतून दवाखान्याचं वळण दिसतं," ती म्हणाली. "मागची स्थळं निदान ताठ उभी राहून नाही म्हणाली होती. तुम्ही वाकून म्हणालात."

"मी नाही म्हटलंच नाही. मी... खाली उतरलो की बघाल. मी बुटका आहे."

"ते टाळकं आपटलं त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"ड्रॉइंग शिकवते मी. पावलावरून माणूस काढता येतो. तुमच्या पावलावर जेवढा मावतो, तेवढा मी मनात काढून ठेवला होता." तिनं भुवईतली पूड पुसली. "मला आवडला होता तो. उभाच राहीना, त्याला मी काय करू?"

बुटकेरावाच्या हातातलं खोकं खाली पडलं. त्यानं विचारलं, "तुम्हाला विचारायचं होतं ते... अजून विचारायचंय?"

"शिडीवरच्या माणसाला मी काही विचारत नाही. उतरा."

आणि इथंच खरी नवलाई झाली. तो पायरी पायरी उतरला, आणि दर पायरीला त्याची उंची वाढत गेली. ताईंच्या व्यायामानं मणके असे मोकळे झाले होते की जमिनीला पाय टेकले तेव्हा तो तिच्याहून चांगला वीतभर उंच. मग मान खाली घालून, तिच्या डोळ्यांत बघत, तो म्हणाला—

"थापा," गोष्ट ऐकत बसलेली त्या दोघांची धाकटी लेक म्हणाली. "आमच्याकडे माळ्यावरचे डबे अजून आईच काढते. बाबा खालून झेलतात."