पोहोचल्याचा फोन

अल्लीपूरच्या त्या घरात तिसऱ्या दिवशीही झाडू लागला नव्हता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोहोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, ही मंदाबाईंची रीत. मुलगा योगेंद्र नागपूरहून निघाला, विमानं बदलत नॉर्वेच्या उत्तर टोकाला ट्रॉम्सोपर्यंत गेला आणि तिथे धुक्यात अडकला. इकडे सून रीताच्या पायांखाली गव्हाच्या भुशाचं कुटार, माती आणि पोळीचे वाळके तुकडे करकरत होते.

शेवटचा टप्पा तेवढा उरला होता. ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन, आणखी उत्तरेचं बेटावरचं गाव. समुद्रावरून साडेनऊशे किलोमीटर, पावणेदोन तास. तिथे अँटेनांच्या देखभालीचं त्याचं काम. विमान सुटल्याचं कळताच रीताने वेबसाइटवर अंतर पाहिलं, हिशेब केला आणि सासूला सांगितला.

"तुह्या मोबाइलनं त्याले उतरवलं का?" मंदाबाई म्हणाल्या. "त्याचा फोन येऊ दे."

जेवून त्या आडव्या झाल्या. हिशेबाची वेळ भरली. रीताने आणखी थोडा वेळ जाऊ दिला, मग फडा उचलून सगळं घर झाडून काढलं. केर उकिरड्यावर टाकून फडा अंगणात ठेवते, तोच आत फोन वाजला.

योगेंद्रच होता. दमलेला आवाज. विमान आत्ताच टेकलं, समोरच्या इमारतीकडे चालत निघालोय, आत गेलो की बोलतो, म्हणाला. रीता हुश्श करून खाटेवर बसली.

पुढचा फोन कुंदनचा आला, योगेंद्रच्या सोबत काम करणाऱ्याचा. तो इमारतीत वाट पाहत होता. सगळे प्रवासी आले, योगेंद्रची बॅगही आली. तो कुठे राहिला?

रीताने योगेंद्रला फोन लावला.

"चालूनच राह्यलो," तो म्हणाला. "इमारत हे काय, समोर हाय. पण जवळच येत नाई."

"अन् मागं विमान?"

"मांगं पाहू नाई वाटत."

मंदाबाई उठून दारात उभ्या होत्या. त्यांनी लख्ख फरशीकडे पाहिलं, मग सुनेकडे. रागावल्या नाहीत. उकिरड्यावर गेल्या, पदरात केर भरून आणला आणि गुडघ्यांवर बसून घरभर पसरू लागल्या. रीताही फोन स्पीकरवर ठेवून खाली बसली.

"दार दिसून राह्यलं आता," योगेंद्र म्हणाला.

मंदाबाईंनी डोळे मिटले.

"रीता, तू झाडणं बंद कर ना. मांगून लय जवळ येऊन राह्यलं."

दोघींचे हात केरात होते. फडा अंगणात होता.

फोनमध्ये त्याचे बूट वाजत होते. त्यांच्या मागे खर्र, खर्र. घाई नव्हती. कोपरान् कोपरा काढावा तसं.

"चाल, बापू," मंदाबाई म्हणाल्या. "थांबू नको."

बूट थांबले. झाडणं चालूच होतं.